काटा खोटं बोलतोय: बोटीच्या फ्युएल मीटरचा दोष कसा शोधायचा

नोव्हेंबरातली सकाळ. देवगडच्या दीपगृहाच्या पश्चिमेला दोनेक मैलांवर आमची फायबरची बोट होती. मीटरचा काटा ‘एफ’वर होता, म्हणजे टाकी भरलेली. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. मतलई वारा सुटलेला, त्यामुळे बोट किनाऱ्यापासून लांब सरकायला लागली. नांगर टाकला, बराच दोर सोडल्यावर तो तळाला धरला. पाऊण तासाने ओळखीचा एक ट्रॉलर परत येताना दिसला, त्याने दोर टाकून ओढून आणलं. जेटीला लागल्यावर टाकीत काठी घातली, ती कोरडी वर आली. काटा मात्र अजूनही ‘एफ’वरच होता.

टाकी भरल्यानंतर मधल्या दिवशी भावाने एक लांबची फेरी मारली होती. काटा भरलेला दिसतोय म्हणून त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोष सापडायला दहा मिनिटं लागली: टाकीवरच्या फ्लोटची वायर तिच्या थिंबलमधून (वायरीच्या टोकाला दाबून बसवतात त्या धातूच्या टोकातून) सुटून लोंबत होती. वायर तुटली की काटा शून्यावर येतो असं मी धरून चाललो होतो. आमच्या मीटरमध्ये नेमकं उलटं होतं.

नवीन बोट घेणाऱ्या, त्यातही सेकंडहँड घेणाऱ्या, प्रत्येकाला मी आता पहिली हीच गोष्ट सांगतो. आपलं मीटर बिघडलं तर कुठल्या बाजूला खोटं बोलेल, हे बोट पाण्यात नेण्याआधी माहीत करून घ्या. बाकीची तपासणी त्यातूनच पुढे उलगडत जाते.

आत काय असतं

या सगळ्या यंत्रणेत मोजून तीन भाग आहेत. स्टेअरिंगपाशी मीटर, टाकीच्या वर बसवलेला सेंडर आणि दोघांना जोडणाऱ्या वायरी. सेंडर हा शब्द बोटीच्या सामानात चालतो. गाड्यांच्या पार्टच्या दुकानात ‘टँक युनिट’ किंवा नुसतं ‘फ्लोट’ म्हणालात तरी कळतं.

सेंडर दोन प्रकारचे. जुन्या प्रकारात एका लांब तारेच्या टोकाला फ्लोट असतो. इंधन वर-खाली झालं की तार फिरते आणि तिच्या दुसऱ्या टोकाची पत्री एका रेझिस्टन्सच्या पट्टीवरून घासत जाते. दुसऱ्या प्रकारात उभी नळी असते, तिच्यावर चुंबक असलेला फ्लोट सरकतो आणि नळीच्या आतले बारीक स्विच एकेक करून लागत जातात. या नळीवाल्या सेंडरचा काटा टप्प्याटप्प्याने सरकतो. तो दोष नव्हे, त्याची रचनाच तशी आहे.

दोन्ही प्रकार मीटरला एकच गोष्ट कळवतात: किती ओहम, म्हणजे विजेला किती अडथळा (रेझिस्टन्स). आणि इथेच सगळा घोळ आहे, कारण बाजारात दोन पद्धती सर्रास मिळतात. अमेरिकन पद्धतीत रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम. युरोपियन पद्धतीत रिकाम्या टाकीला १० ओहम आणि भरलेल्या टाकीला १८० ओहम. एकात आकडा वाढला की इंधन कमी, दुसऱ्यात आकडा वाढला की इंधन जास्त.

आता खाऱ्या हवेचा विचार करा. जोडांवर गंज चढला, हिरवा कळंक आला, तर रेझिस्टन्स वाढतो. वायर तुटली तर तो अमर्याद होतो. अमेरिकन पद्धतीच्या मीटरवर याचा परिणाम म्हणजे काटा खाली जातो. टाकीत असतं त्यापेक्षा कमी दिसतं, माणूस वैतागतो पण सुखरूप घरी येतो. युरोपियन पद्धतीत काटा वर जातो. टाकीत नसलेलं इंधन दिसतं. आमची बोट याच दुसऱ्या प्रकारातली होती.

आपलं मीटर कुठलं, हे बऱ्याचदा त्याच्या पाठीमागे किंवा खोक्यावर छापलेलं असतं. छापलेलं नसेल तर खाली तिसऱ्या पायरीला ते आपोआप कळेल.

काम सुरू करण्याआधी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, बोटीच्या तळाशी पाण्यासारखी साचते. टाकीच्या कप्प्याची झाकणं उघडा, ब्लोअर (कप्प्यातली हवा बाहेर काढणारा पंखा) असेल तर चार-पाच मिनिटं चालवा आणि वास येत नाही याची खात्री झाल्याशिवाय टाकीपाशी कुठलीही वायर जोडू नका, सोडू नका. ठिणगी मीटरपाशी पडली तर चालेल, टाकीपाशी पडता कामा नये. म्हणून शक्य तेवढी तपासणी मीटरच्या बाजूने करायची आणि टाकीकडची जोडणी नेहमी चावी बंद ठेवून. बिडी-सिगरेट दूर, मोबाइल खिशातही नको. डिझेलला एवढं भय नाही, तरी सवय हीच ठेवा.

सामान थोडंच लागतं: साधा मल्टिमीटर (व्होल्ट आणि ओहम मोजायला), हातभर लांबीची वायर दोन्ही टोकांना क्लिप लावून, बारीक पॉलिश पेपर, पाने, थिंबल दाबायची पक्कड. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानातून अर्ध्या वॉटचे काही रेझिस्टर घेऊन ठेवा: १०, ३३, १०० आणि १८० ओहमचे. २४० चा मिळत नाही तिथे २२० चा चालतो, काटा ‘ई’च्या, म्हणजे रिकाम्याच्या खुणेच्या, जरासा वर थांबेल एवढंच. हे चार-पाच रेझिस्टर डबीत असले की खोटी टाकी हातात आल्यासारखं होतं. ते कसं, ते पुढे येईल.

पहिली पायरी: काठी

मल्टिमीटर काढण्याआधी टाकीत खरंच किती इंधन आहे ते बघा. स्वच्छ, कोरडी लाकडी काठी भरण्याच्या तोंडातून सरळ तळाला टेकेपर्यंत घाला आणि ओल कुठवर आली ते बघा. तोंडाची नळी वाकडी असेल तर सेंडर काढल्यावर त्याच्या भोकातून मोजावं लागेल. टाकीत किती आहे हेच माहीत नसेल तर काटा खरा की खोटा हे ठरवणार कशाच्या आधारावर?

बोट सपाट उभी असतानाच मोजा. वेगात नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर उचलली की इंधन मागे पळतं आणि काटा बदलतो, ते साहजिक आहे.

आउटबोर्डच्या (बोटीच्या मागे बाहेरून लावतात त्या इंजिनाच्या) सुट्या २४-२५ लिटरच्या टाकीला झाकणावरच काटा असतो. त्यात वीज नाही, आतल्या फ्लोटने तो थेट फिरतो. तो अडकला तर झाकण काढून फ्लोट मोकळा करायचा. या लेखातलं बाकी काही त्याला लागू नाही.

दुसरी पायरी: मीटरला वीज मिळते का

मीटरच्या पाठीमागे तीन टर्मिनल असतात. ‘आय’ म्हणजे चावीतून येणारा प्लस, ‘जी’ म्हणजे मायनस, ‘एस’ म्हणजे सेंडरची वायर. (दिव्याची वायर वेगळी, तिचा इथे संबंध नाही. दिवा लागतो म्हणजे मीटर चालू आहे असं समजू नका.) चावी लावून ‘आय’ आणि ‘जी’ यांच्यामध्ये व्होल्ट मोजा. बॅटरीवर जेवढे दिसतात साधारण तेवढे इथे दिसले पाहिजेत. चांगल्या १२ व्होल्टच्या बॅटरीला १२.६ च्या आसपास. इथे ९ किंवा १० दिसले तर फ्यूज, चावीचा स्विच आणि मायनसची वायर आधी बघा. बाकीची मीटरंही डुलत असतील तर दोष जवळजवळ नक्की याच भागात आहे.

तिसरी पायरी: ‘एस’ सोडा, मग जोडा

सगळ्यात जास्त माहिती देणारी ही तपासणी, आणि ती टाकीपासून लांब बसून होते.

चावी बंद करा, ‘एस’ टर्मिनलवरची वायर काढा, चावी लावा. काटा कुठे जातो ते बघा. खाली ‘ई’कडे गेला तर मीटर अमेरिकन पद्धतीचं, वर ‘एफ’कडे गेला तर युरोपियन. हे मीटरच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवा, दोन वर्षांनी दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल.

आता चावी बंद करून क्लिपच्या वायरने ‘एस’ आणि ‘जी’ जोडा आणि पुन्हा चावी लावा. काटा विरुद्ध टोकाला गेला पाहिजे. दोन्ही वेळा काटा नीट फिरला म्हणजे मीटर ठीक आहे आणि दोष वायरीत किंवा टाकीवर आहे. वीज बरोबर येऊनही काटा जागचा हलला नाही किंवा अर्ध्यावर अडकला तर मीटर गेलं. ते उघडून दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नका, बदला.

चौथी पायरी: मायनस

इथे जरा थांबून सांगतो, कारण माझ्या हातून गेलेल्या तक्रारींत सर्वांत जास्त दोष इथेच निघाले आहेत.

मालवणला एका काकांच्या डिझेल बोटीवर गेलो होतो. ते म्हणाले, “टाकी फुल्ल केलंय, तरी काटो खालीच! दोनदा फ्लोट बदललंय.” दोन सेंडर विकत घेऊन झाले होते आणि तिसरा पिशवीत तयार होता. लोखंडी टाकी, सेंडरच्या चकतीखालच्या (ही चकती टाकीच्या भोकावर बसते) एका स्क्रूला मायनसची वायर. वरून बघितलं तर थिंबल घट्ट, काही हलत नव्हतं. स्क्रू काढला तेव्हा थिंबलच्या खालच्या अंगाला हिरवी पूड नखाने खरवडता येईल एवढी जाड साचलेली. वायरीचं कव्हर बोटभर सोललं, आतली तार काळी ठिक्कर. अजून बोटभर सोललं, तिथेही काळीच. खारं पाणी तारेच्या बारीक धाग्यांतून वातीतून तेल चढतं तसं आत चढत जातं. वीतभर कापल्यावर लाल तांबं लागलं. तिथून नवीन तुकडा जोडला, स्क्रूची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, चावी लावली. काटा हळूहळू वर चढत ‘एफ’वर जाऊन थांबला. काकांनी तिसरा सेंडर दुकानात परत केला.

तपासायचं असं. चावी बंद, मल्टिमीटर ओहमवर. आधी त्याची दोन टोकं एकमेकांना टेकवून काय आकडा येतो ते बघा. तो पुढच्या मापातून वजा करायचा. मग एक टोक सेंडरच्या चकतीला आणि दुसरं लांब वायरीने बॅटरीच्या मायनसला. एक ओहमच्या आत आलं पाहिजे. पाच, दहा, वीस येत असेल तर चोर सापडला.

मल्टिमीटर नसेल तर चावी बंद ठेवून सेंडरच्या चकतीला क्लिपची वायर लावा, लांब वायरीने ती मीटरच्या ‘जी’पर्यंत आणा, तिथे जोडा आणि मग चावी लावा. काटा बरोबर जागी आला तर जुना मायनस खराब आहे. टाकीकडचं टोक आधी आणि लांबचं टोक नंतर, हा क्रम मोडू नका.

प्लॅस्टिक किंवा फायबरच्या टाकीला स्वतःचा मायनस नसतो. चकतीपासून मायनसपर्यंत वेगळी वायर असलीच पाहिजे. टाकी बदलताना लोखंडीच्या जागी प्लॅस्टिकची बसवली आणि ही वायर राहून गेली, असं मी दोनदा पाहिलंय.

पाचवी पायरी: मधली वायर

सेंडरच्या मधल्या स्क्रूपासून मीटरच्या ‘एस’पर्यंत जाणारी ही एकच वायर, बहुतेक गुलाबी. इथे ते रेझिस्टर कामाला येतात. चावी बंद करून टाकीकडे ही वायर सेंडरवरून काढा आणि तिच्या व मायनसच्या मध्ये ३३ ओहमचा रेझिस्टर क्लिपने धरा. चावी लावा. अमेरिकन मीटर ‘एफ’ दाखवेल. चावी बंद, १०० चा लावा, काटा साधारण मध्यावर येईल. २२० वर ‘ई’च्या जवळ. युरोपियन असेल तर १० वर ‘ई’ आणि १८० वर ‘एफ’.

काटा असा नाचला म्हणजे मीटर, वायर आणि मायनस तिन्ही निर्दोष; उरला फक्त सेंडर. नाचला नाही तर मधल्या वायरीत कुठेतरी जोड कुजलाय. टेप गुंडाळून केलेले जोड शोधा. बोटीच्या तळाशी, जिथे पाणी साचतं, तिथे बहुधा सापडतो. जोड तिथे परत करू नका, सलग नवी वायर ओढा, टिनचा मुलामा दिलेल्या तांब्याची मिळाली तर उत्तम. टोकांना थिंबल आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी).

सहावी पायरी: सेंडर

वायर काढलेलीच आहे. चावी बंद असताना मधल्या स्क्रू आणि चकती यांच्यामध्ये ओहम मोजा. काठीने मोजलेल्या इंधनाशी तो आकडा ताडून बघा. अमेरिकन सेंडर, टाकी अर्धी आणि आकडा १०० च्या आसपास, तर सेंडर बरा आहे. मल्टिमीटरवर ‘ओएल’ (मोजता येण्यापलीकडचा रेझिस्टन्स) आलं तर आतलं कनेक्शन तुटलंय. टाकी अर्धी असताना रिकाम्याचा आकडा येतोय तर फ्लोट खाली अडकलाय किंवा बुडालाय.

आता तो बाहेर काढायचा. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर आधी थोडी रिकामी करा, नाहीतर भोकातून इंधन वर येईल. बॅटरीची वायर काढून ठेवा. चकती आणि टाकी दोन्हींवरून जाईल अशी मार्करची एक रेघ ओढा. चकतीला बहुतेक पाच स्क्रू असतात आणि त्यांची भोकं मुद्दाम असमान अंतरावर असतात, म्हणजे ती एकाच प्रकारे बसते. तरी रेघ असावी. भोवतीची वाळू-मीठ पुसून घ्या, ते टाकीत पडायला नको. तारेवाला सेंडर सरळ वर ओढू नका, तिरका करून फ्लोट अलगद बाहेर घ्या.

बाहेर मोकळ्या हवेत, टाकीपासून लांब, मल्टिमीटर लावून फ्लोट हाताने सावकाश वर न्या. आकडा सलग बदलत गेला पाहिजे. मध्येच ‘ओएल’ची उडी मारत असेल तर पट्टी झिजलीय, सेंडर बदला. फ्लोट कानाशी धरून हलवा, आत खळखळ वाजलं तर त्यात इंधन शिरलंय आणि तो तरंगणार नाही. नळीवाल्याची भोकं गाळाने बुजतात, ती डिझेलने धुऊन मोकळी केली की पुष्कळदा तोच सेंडर परत चालतो. आणि सगळं ठीक निघालं तर टाकीत डोकावून बघा (टॉर्चने, काडीने नव्हे): फ्लोट आतल्या आडव्या पत्र्याला किंवा पाइपाला टेकत होता का?

नवीन घेताना दोन गोष्टी न्या: मीटरची पद्धत आणि टाकीची खोली. पद्धत चुकली तर काटा उलटा चालेल. नळीवाला सेंडर टाकीच्या खोलीपेक्षा थोडा आखूड घ्या, तळाला टेकता कामा नये. तारेवाल्याची लांबी खोलीप्रमाणे जुळवावी लागते, पुस्तिकेत दिलेली असते.

बसवताना गॅस्केट नवीनच घाला. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात फुगतं. साधं सिलिकॉन लावू नका, ते पेट्रोलमध्ये मऊ पडून सुटतं. इंधनाला टिकणारं सीलंट मागून घ्या. पाचही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. शेवटी जोडांवर ग्रीसचा हात फिरवा आणि टाकी भरल्यावर चकतीभोवती कापड फिरवून ओल येते का, वास येतो का बघा.

काटा जुळवून घेणं

हे काम बहुतेक जण सोडून देतात, आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. बोटीच्या बऱ्याच टाक्या तळाला निमुळत्या असतात, बोटीच्या पोटाप्रमाणे. फ्लोट उंची मोजतो, लिटर मोजत नाही. म्हणून काटा अर्ध्यावर आला तेव्हा टाकीत अर्ध्याहून बरंच कमी उरलेलं असतं, आणि तिथून पुढे तो झरझर खाली येतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, तेव्हा वेळ असतो. टाकी जवळजवळ रिकामी होईल अशा बेताने मोसम संपवा. बोट पाण्यात असते तशी सपाट टेकवा. मग मोजून दहा-दहा लिटर ओतत जा. प्रत्येक वेळी काठीवर करवतीने खाच करा आणि काटा कुठे आला ते वहीत लिहा. शंभर लिटरच्या टाकीला दहा खाचा, तासाभराचं काम. मग मीटरच्या शेजारी एक पट्टी चिकटवा: काटा पाववर म्हणजे इतके लिटर, अर्ध्यावर म्हणजे इतके.

आमच्या बोटीवर पाववर ११ लिटर निघाले; पाव टाकी म्हणजे २५ असं आम्ही इतकी वर्षं मानत होतो. आता काटा अर्ध्याला टेकला की नाळ बंदराकडे वळते, आणि निघण्याआधी काठी टाकीत जाते, मग काटा काहीही म्हणो. भावाने फेरी मारली तर परत आल्यावर लिटर वहीत लिहितो.